माय.सीएनएफ बदलली, सर्व्हर रिस्टार्ट केला, तरी सेटिंग लागत नाही: मायएसक्यूएल समस्या निवारण

मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरच्या कॉन्फिग फाइलचं (माय.सीएनएफ, म्हणजे सेटिंग लिहिलेली फाइल) दुखणं सगळीकडे जवळपास सारखंच असतं. कुणीतरी माय.सीएनएफ उघडतं, मॅक्स_कनेक्शन्स (एका वेळी किती कनेक्शन जोडता येतील तो आकडा) १५१ वरून ५०० करतं, सर्व्हर रिस्टार्ट करतं आणि आकडा जिथल्या तिथे. मग तोच आकडा दुसऱ्या फाइलीत लिहिला जातो, मग तिसऱ्या. संध्याकाळपर्यंत एकाच सेटिंगच्या वेगवेगळ्या फाइलींत वेगवेगळ्या व्हॅल्यू झालेल्या असतात, कोणती कुणी लिहिली ते कुणालाच आठवत नाही, आणि मग मला फोन येतो.

या प्रकारात बहुतेक वेळ फाइली धुंडाळण्यात जातो. खरं तर चालू असलेला सर्व्हर स्वतःच सांगू शकतो की ही व्हॅल्यू त्याने कुठून उचलली. आधी त्याला विचारायचं, मग फाइलला हात लावायचा.

खालचं सगळं उबंटू किंवा डेबियनवरचं मायएसक्यूएल ८.० आणि ८.४ धरून लिहिलं आहे. रेड हॅट, विंडोज आणि मारियाडीबीत (मायएसक्यूएलमधूनच फुटून निघालेला डेटाबेस) फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे. कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत आहेत; टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची.

## लक्षणं

- फाइल बदलली, रिस्टार्ट झालं, एररही नाही, पण व्हॅल्यू जुनीच.
- व्हॅल्यू बदलली, पण तिसरीच आली. मागितले ५००, मिळाले २१४.
- चालू सर्व्हरवर सेट केलेलं दिवसभर नीट चालतं. रात्री लाइट जाऊन सर्व्हर परत उठला की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.
- टर्मिनलवरून हाताने चालवला तर सेटिंग लागते, सर्व्हिस म्हणून चालवला तर नाही.
- फाइल सेव्ह केल्यापासून सर्व्हिस चालूच होत नाही.
- इतकी वर्षं चाललेली फाइल आवृत्ती वाढवल्यावर चालेनाशी झाली.
- मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात.

पहिली चार लक्षणं असतील तर तपासण्या क्रमाने करा. सर्व्हिसच चालू होत नसेल तर सरळ सातव्या तपासणीवर जा.

## सुरुवात करण्याआधी

फाइलची प्रत काढून ठेवा, हे सगळेच सांगतात. ती कुठे आणि कोणत्या नावाने ठेवायची हे फारसं कुणी सांगत नाही. उबंटूवर /ईटीसी/मायएसक्यूएल/मायएसक्यूएल.कॉन्फ.डी/ या फोल्डरातली .सीएनएफने संपणारी प्रत्येक फाइल सर्व्हर वाचतो. मायएसक्यूएलडी.सीएनएफ.बॅक असं नाव दिलंत तर हरकत नाही, कारण शेवट वेगळा आहे. पण जुनी-मायएसक्यूएलडी.सीएनएफ अशा नावाची प्रत त्याच फोल्डरात ठेवलीत, तर ती प्रत न राहता चालू कॉन्फिग होते. त्यात एका फोल्डरातल्या फाइली कोणत्या क्रमाने वाचल्या जातील याची हमी मायएसक्यूएल देत नाही. म्हणजे तुमचा नवा बदल जिंकेल की जुनी प्रत, हे नशिबावर. प्रत स्वतःच्या होम फोल्डरात ठेवा आणि मोकळे व्हा.

## १. रिस्टार्ट खरंच झालं का?

हसू नका. सगळ्यात स्वस्त तपासणी हीच, आणि अपेक्षेपेक्षा जास्त वेळा दोष इथेच सापडतो. सर्व्हरला जोडून घ्या आणि विचारा:

शो ग्लोबल स्टेटस लाइक 'अपटाइम';

उत्तर सेकंदांत येतं. आकडा ८६,४०० च्या वर असेल तर सर्व्हर एका दिवसाहून जास्त काळ चालू आहे, आणि पाच मिनिटांपूर्वी तुम्ही जे रिस्टार्ट केलंत ते दुसरंच काहीतरी होतं. उबंटूवर सर्व्हिसचं नाव मायएसक्यूएल, रेड हॅटवर मायएसक्यूएलडी, मारियाडीबी असेल तर मारियाडीबी.

विंडोजवर याचा एक खास प्रकार आहे. त्याच मशीनवर झॅम्प या तयार पॅकेजसोबत आलेली मारियाडीबी आणि इन्स्टॉलरने टाकलेली मायएसक्यूएल अशा दोघी नांदत असतात. एक ३३०६ पोर्टवर, दुसरी ३३०७ वर. फाइल एकीची बदलायची आणि जोडून घ्यायचं दुसरीला, असं सर्रास चालतं. सिलेक्ट @@पोर्ट, @@व्हर्जन, @@डेटाडिर. एवढं विचारलं की आपण कुणाशी बोलतोय ते कळतं.

## २. ग्लोबल पाहताय की सेशन?

शो व्हेरिएबल्स लिहिलं आणि मध्ये ग्लोबल हा शब्द गाळला, तर तुम्हाला तुमच्या कनेक्शनपुरती व्हॅल्यू दिसते. बऱ्याच सेटिंगसाठी दोन्ही सारख्याच असतात. वेट_टाइमआउट मात्र हटकून फसवतं. फाइलीत वेट_टाइमआउट=६०० लिहिलं, रिस्टार्ट केलं, मायएसक्यूएल क्लायंट उघडला आणि पाहिलं तर २८८००. फाइल वाचली गेली नाही असं वाटून माणूस तासभर फाइली उलथ्यापालथ्या करतो. प्रत्यक्षात टर्मिनलवरचा क्लायंट इंटरॅक्टिव्ह कनेक्शन असतो, आणि अशा कनेक्शनला वेट_टाइमआउटची सेशन व्हॅल्यू इंटरॅक्टिव्ह_टाइमआउटमधून मिळते. त्याची डिफॉल्ट व्हॅल्यू २८८००, म्हणजे आठ तास. शो ग्लोबल व्हेरिएबल्स लिहिलंत की ६०० दिसेल. तुमच्या अॅप्लिकेशनला ६०० च मिळत असतात.

दुसरं असं की सर्व्हर चालू असताना ग्लोबल व्हॅल्यू बदलली तर आधीच जोडलेल्या कनेक्शनची सेशन व्हॅल्यू बदलत नाही. अॅप्लिकेशन कनेक्शन पूल (आधीच उघडून ठेवलेली कनेक्शन) वापरत असेल तर तेही रिस्टार्ट करावं लागतं.

## ३. सर्व्हरला विचारा: ही व्हॅल्यू कुठून आणलीस?

मायएसक्यूएल ८.० पासून परफॉर्मन्स_स्कीमामध्ये व्हेरिएबल्स_इन्फो नावाचं टेबल आहे. अर्ध्याहून जास्त गोंधळ या एका क्वेरीत मिटतो:

सिलेक्ट व्हेरिएबल_सोर्स, व्हेरिएबल_पाथ
फ्रॉम परफॉर्मन्स_स्कीमा.व्हेरिएबल्स_इन्फो
व्हेअर व्हेरिएबल_नेम = 'मॅक्स_कनेक्शन्स';

पहिल्या रकान्यात उगम दिसतो, दुसऱ्यात फाइलचा पूर्ण पत्ता. उगमाचे शब्द असे वाचायचे:

कम्पाइल्ड आलं तर कोणत्याही फाइलीतून काही मिळालेलं नाही, सर्व्हर स्वतःच्या डिफॉल्टवर चालला आहे. म्हणजे तुमची फाइल वाचलीच गेली नाही, किंवा ओळ चुकीच्या ग्रुपमध्ये (चौकटी कंसातल्या चुकीच्या नावाखाली) आहे. ग्लोबल आलं तर सिस्टमच्या फाइलीतून आली, आणि पाथमधली फाइल तुम्ही बदललेली आहे का ते बघा. नसेल तर चोर सापडला. एक्सप्लिसिट म्हणजे सर्व्हर --डिफॉल्ट्स-फाइल देऊन चालवला आहे आणि फक्त तीच फाइल पाहतोय. बाकी ईटीसीत कितीही लिहा, उपयोग नाही. कमांड_लाइन म्हणजे सर्व्हिसच्या युनिटमध्येच (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणाऱ्या फाइलीत) ऑप्शन लिहिला आहे. पर्सिस्टेड असेल तर सहावी तपासणी वाचा. डायनॅमिक म्हणजे सर्व्हर चालू झाल्यावर कुणीतरी बदललं आहे, आणि त्याच टेबलात सेट_टाइम, सेट_यूजर, सेट_होस्ट हे रकाने आहेत. 'आम्ही कुणीच हात लावला नाही' या वाक्याचा निकाल तिथे लागतो.

मारियाडीबीत हे टेबल नाही. तिथे इन्फर्मेशन_स्कीमाच्या सिस्टम_व्हेरिएबल्स टेबलात ग्लोबल_व्हॅल्यू_ओरिजिन हा रकाना बघायचा.

जुन्या ५.७ वर यातलं काहीच मिळत नाही. तिथे पुढच्या तपासणीशिवाय इलाज नाही.

## ४. कोणत्या फाइली, कोणत्या क्रमाने

मायएसक्यूएलडी --व्हर्बोज --हेल्प ही कमांड चालवली की भलंमोठं आउटपुट येतं. त्यात सुरुवातीलाच 'डिफॉल्ट ऑप्शन्स आर रेड फ्रॉम द फॉलोइंग फाइल्स इन द गिव्हन ऑर्डर' अशी ओळ असते आणि तिच्याखाली फाइलींची यादी. लिनक्सवर साधारणपणे आधी /ईटीसी/माय.सीएनएफ, मग /ईटीसी/मायएसक्यूएल/माय.सीएनएफ, आणि शेवटी होम फोल्डरातली .माय.सीएनएफ, जिच्या नावाच्या सुरुवातीला टिंब असल्यामुळे ती सहसा नजरेस पडत नाही.

नियम एकच: एकच ऑप्शन दोनदा आला तर शेवटी वाचलेला जिंकतो. अपवाद यूजर या ऑप्शनचा. तिथे पहिला जिंकतो, आणि तो सुरक्षेसाठी मुद्दाम तसा ठेवला आहे.

या नियमामुळे उबंटूवर काय होतं ते जरा जवळून बघू. तिथली /ईटीसी/मायएसक्यूएल/माय.सीएनएफ उघडली तर आत टिपणांखेरीज फक्त दोन ओळी सापडतात:

!इन्क्लूडडिर /ईटीसी/मायएसक्यूएल/कॉन्फ.डी/
!इन्क्लूडडिर /ईटीसी/मायएसक्यूएल/मायएसक्यूएल.कॉन्फ.डी/

समजा तुम्ही या दोन ओळींच्या वर [मायएसक्यूएलडी] लिहून बाइंड-अॅड्रेस=०.०.०.० (बाहेरच्या मशीनवरूनही जोडता यावं म्हणून) घातलंत. सर्व्हरने ते वाचलं. मग त्याने इन्क्लूडच्या ओळीवरून मायएसक्यूएल.कॉन्फ.डी फोल्डरातली मायएसक्यूएलडी.सीएनएफ उघडली, जिच्यात पॅकेजसोबतच बाइंड-अॅड्रेस=१२७.०.०.१ (फक्त याच मशीनवरून) आलेलं असतं. ते नंतर आलं, ते जिंकलं. बाहेरच्या मशीनवरून कनेक्शन नाकारलं जातं आणि दोष फायरवॉलला दिला जातो. मारियाडीबीत हीच भूमिका /ईटीसी/मायएसक्यूएल/मारियाडीबी.कॉन्फ.डी/५०-सर्व्हर.सीएनएफ बजावते. रेड हॅटवर /ईटीसी/माय.सीएनएफ.डी/ फोल्डर बघायचं.

माझं मत असं की पॅकेजच्या फाइलीतली ओळ जिथे आहे तिथेच बदलावी. वर एक, खाली एक अशी रचना केली की सहा महिन्यांनी येणाऱ्या माणसाचे हाल होतात.

टर्मिनलवर चालतं पण सर्व्हिसमधून चालत नाही, याचं उत्तरही याच यादीत असतं. होम फोल्डर कुणाचं? तुम्ही रूट म्हणून चालवलंत तर रूटचं, सर्व्हिस चालवते तेव्हा मायएसक्यूएल या युजरचं. रूटच्या होममध्ये पडलेली .माय.सीएनएफ सर्व्हिसला कधीच दिसत नाही.

विंडोजवर यादी वाचत बसू नका. सर्व्हिसेस उघडा, मायएसक्यूएलच्या सर्व्हिसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. तिथल्या 'पाथ टू एक्झिक्युटेबल'मध्ये --डिफॉल्ट्स-फाइलपुढे जी माय.आयएनआय आहे तीच खरी. ती बहुधा सी ड्राइव्हच्या प्रोग्रॅमडेटा फोल्डरात असते, आणि ते फोल्डर लपवलेलं असतं. प्रोग्रॅम फाइल्समध्ये नवी माय.आयएनआय तयार करून काही होत नाही. झॅम्पची फाइल त्याच्या मायएसक्यूएल फोल्डरातल्या बिनमध्ये असते.

क्लाउडवरचा तयार डेटाबेस घेतला असेल, उदाहरणार्थ अॅमेझॉन आरडीएस, तर माय.सीएनएफ तुमच्या हातात नसतेच. तिथे पॅरामीटर ग्रुप बदलायचा, आणि स्टॅटिक पॅरामीटर असेल तर इन्स्टन्स रीबूट केल्याशिवाय तो लागत नाही.

## ५. ग्रुप आणि परवानगी

फाइल बरोबर आहे, तरीही सोर्स कम्पाइल्डच दाखवतो? मग ओळ कोणत्या चौकटी कंसाखाली आहे ते बघा.

एक गोष्ट इथे लक्षात घेण्यासारखी आहे. सर्व्हरच्या ग्रुपमध्ये ऑप्शनचं स्पेलिंग चुकलं तर सर्व्हर 'अननोन व्हेरिएबल' म्हणून बंदच पडतो. त्यामुळे सर्व्हर मजेत चालू आहे आणि व्हॅल्यू जुनी आहे, तर स्पेलिंग तपासत बसू नका; ओळ चुकीच्या ग्रुपमध्ये किंवा चुकीच्या फाइलीत आहे. डॅश की अंडरस्कोर यावरही वाद नको, फाइलीत दोन्ही चालतात.

नेहमीचं उदाहरण मॅक्स_अलाउड_पॅकेटचं. मोठी एसक्यूएल फाइल आयात करताना 'सर्व्हर हॅज गॉन अवे' येतं. माणूस ईटीसीत शोध घेतो आणि त्याला उबंटूच्या कॉन्फ.डी फोल्डरात मॅक्स_अलाउड_पॅकेट=१६एम ही ओळ आयती सापडते. तो ती २५६एम करतो. काही फरक पडत नाही, कारण ती फाइल मायएसक्यूएलडंप.सीएनएफ आहे आणि ती ओळ [मायएसक्यूएलडंप] ग्रुपमध्ये आहे. तिचा संबंध फक्त बॅकअप काढणाऱ्या प्रोग्रामशी. सर्व्हरसाठी [मायएसक्यूएलडी] खाली वेगळी ओळ लागते.

उलटा प्रकार जास्त त्रासदायक. [क्लायंट] ग्रुपमधलं सगळं प्रत्येक क्लायंट प्रोग्राम वाचतो. तिथे चुकून मॅक्स_कनेक्शन्स लिहिलं तर सर्व्हर नीट चालतो, पण रात्रीचा बॅकअप 'अननोन व्हेरिएबल' म्हणत मरतो. बॅकअपची गरज पडेपर्यंत ते कुणाच्या लक्षात येत नाही.

मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं याच वळणावर येतात. ५.७ मध्ये सर्व्हरचा डिफॉल्ट कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवण्याची पद्धत) लॅटिन१ होता, ८.० पासून यूटीएफ८एमबी४ आहे. जुन्या लेखांत सांगितल्याप्रमाणे डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट ही ओळ [मायएसक्यूएलडी] खाली टाकली तर आजचा सर्व्हर चालूच होणार नाही. सर्व्हरसाठी कॅरेक्टर-सेट-सर्व्हर=यूटीएफ८एमबी४, आणि डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट ठेवायचं ते [क्लायंट] मध्ये. याने फक्त नवे डेटाबेस सुधारतात. आधीची टेबलं जुन्याच कॅरेक्टर सेटमध्ये राहतात, ती वेगळी बदलावी लागतात. आणि साठवतानाच ज्या अक्षरांची प्रश्नचिन्हं झाली, ती कोणत्याही सेटिंगने परत येत नाहीत. ते मूळ कागदावरून पुन्हा भरणं.

आता परवानगी. फाइलीत कुणालाही लिहिता येत असेल, म्हणजे मोड ७७७ किंवा ६६६ असेल, तर लिनक्सवर मायएसक्यूएल ती फाइल मुद्दाम टाळतो. 'वर्ल्ड-रायटेबल कॉन्फिग फाइल इज इग्नोर्ड' एवढी वॉर्निंग देतो आणि पुढे जातो. कुणीही येऊन सर्व्हरची सेटिंग बदलू नये म्हणून ही काळजी आहे. डॉकरमध्ये हे वारंवार होतं: विंडोजच्या फोल्डरातली फाइल कंटेनरमध्ये माउंट केली की तिचा मोड ७७७ दिसतो आणि अख्खी फाइल बाद होते. लिनक्सवर सीएचमॉड ६४४ केलं की झालं. विंडोजवरून डॉकर चालवत असाल तर माउंट करण्याऐवजी फाइल इमेजमध्येच कॉपी करा. फार आवळूनही चालत नाही. मालक रूट आणि मोड ६०० असेल तर मायएसक्यूएल युजरला फाइल वाचता येत नाही.

## ६. लपलेली शेवटची फाइल

८.० पासून सेट पर्सिस्ट ही कमांड आली. सेट ग्लोबल फक्त चालू सर्व्हरपुरतं असतं, रिस्टार्टनंतर पुसलं जातं. वर म्हटलेले पाढे पंचावन्न होतात ते त्यामुळे. सेट पर्सिस्टने केलेला बदल मात्र डेटा फोल्डरातल्या मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफ या फाइलीत लिहून ठेवला जातो. आणि ही फाइल सगळ्या माय.सीएनएफच्या नंतर वाचली जाते. आधीच्या अॅडमिनने कधीतरी सेट पर्सिस्ट मॅक्स_कनेक्शन्स=२०० केलेलं असेल, तर ईटीसीत तुम्ही पाच हजार लिहा, मिळणार २०० च.

नाव .सीएनएफ असलं तरी आतला मजकूर जेसन आहे. ती हाताने बदलू नका. एखादा कंस इकडचा तिकडे झाला तर सर्व्हर चालू होत नाही. नको असलेली नोंद रीसेट पर्सिस्ट मॅक्स_कनेक्शन्स, अशी काढायची. याने चालू व्हॅल्यू बदलत नाही, पुढच्या रिस्टार्टला ईटीसीतली लागते. याच फाइलीमुळे सर्व्हर उठत नसेल तर [मायएसक्यूएलडी] खाली पर्सिस्टेड_ग्लोबल्स_लोड=ऑफ टाकून एकदा चालू करा, नोंद काढा, मग ती ओळ काढून टाका. मारियाडीबीत सेट पर्सिस्ट नाही, त्यामुळे तिथे ही तपासणी सोडून द्या.

## ७. सर्व्हिस चालूच होत नाही

पुन्हा पुन्हा स्टार्ट मारू नका. उबंटूवर /व्हार/लॉग/मायएसक्यूएल/एरर.लॉग, रेड हॅटवर /व्हार/लॉग/मायएसक्यूएलडी.लॉग. तिथे काही नसेल तर जर्नलसीटीएल -यू मायएसक्यूएल. शेवटची ओळ बहुधा नुसतं 'अबॉर्टिंग' असते. कारण तिच्या वरच्या दोन-तीन ओळींत असतं.

८.०.१६ पासून सर्व्हर चालू न करता फाइल तपासता येते: मायएसक्यूएलडी --यूजर=मायएसक्यूएल --व्हॅलिडेट-कॉन्फिग. काहीच छापलं नाही तर ऑप्शन ठीक. पण ही तपासणी इनोडीबी (डेटा साठवणारा सर्व्हरचा भाग) सुरू करत नाही, म्हणून डेटा फाइलींशी संबंधित चुका तिला दिसत नाहीत. पास झाली म्हणजे सर्व्हर उठेलच असं नाही. जुन्या आवृत्तीत आणि मारियाडीबीत --व्हर्बोज --हेल्प चालवून फक्त एररच्या ओळी बघायच्या, काम भागतं.

नेहमी भेटणारे एरर:

'अननोन व्हेरिएबल'. आवृत्ती वाढवल्यावर हमखास. ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, त्यामुळे जुनी माय.सीएनएफ उचलून ८.० वर ठेवणारे अजूनही भेटतात. क्वेरी_कॅश_साइझ आणि तिचं सगळं कुटुंब ८.० मध्ये काढून टाकलं आहे (मारियाडीबीत अजून आहे). एसक्यूएल_मोडमधलं नो_ऑटो_क्रिएट_यूजर ८.० ला चालत नाही. डिफॉल्ट_ऑथेंटिकेशन_प्लगइन ८.४ मध्ये गेलं. ओळ काढून टाकणं हाच उपाय. एकच फाइल दोन आवृत्त्यांना लागत असेल तर [मायएसक्यूएलडी-८.०] असा आवृत्तीचा ग्रुप करता येतो. ऑप्शनपुढे लूज- लावलं तर एररऐवजी वॉर्निंग येते, पण मला ते आवडत नाही. स्पेलिंगची चूकही मग गुपचूप पचते.

'अननोन सफिक्स'. आकड्यामागे चालतात ती के, एम, जी अशी अक्षरं. २.५जी लिहिलं तर टिंबावर अडतो, २५६०एम लिहा. प्रोग्रामिंगच्या सवयीने ओळीच्या शेवटी स्वल्पविराम किंवा अर्धविराम पडला तरी हाच एरर.

'फाउंड ऑप्शन विदाउट प्रीसीडिंग ग्रुप', लाइन १. फाइल उघडली तर पहिल्या ओळीत [मायएसक्यूएलडी] स्पष्ट दिसतं, आणि तरी हा एरर. विंडोजच्या नोटपॅडने फाइल यूटीएफ-८ बीओएममध्ये सेव्ह केली की सुरुवातीला न दिसणारी अक्षरं येतात. एन्कोडिंग साधं ठेवून पुन्हा सेव्ह करा.

विंडोजवर डेटाडिर सापडत नाही. पत्त्यात बॅकस्लॅशनंतर एन किंवा टी आलं तर सर्व्हर ते नवी ओळ किंवा टॅब समजतो. साधा स्लॅश वापरा.

## ८. सर्व्हरने वाचलं, पण तेवढं दिलं नाही

२१४ चा आकडा आता सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिमने सर्व्हरला एका वेळी १०२४ फाइली उघडायची मुभा दिली असेल, तर मायएसक्यूएल त्यातून टेबलांसाठी ८०० आणि इतर कामासाठी १० बाजूला ठेवतो. १०२४ वजा ८१०, उरले २१४. लॉगमध्ये 'चेंज्ड लिमिट्स: मॅक्स_कनेक्शन्स: २१४ (रिक्वेस्टेड ५००)' अशी ओळ येते. जुन्या सर्व्हरवर आणि हाताने लिहिलेल्या सर्व्हिस युनिटमध्ये हे अजून दिसतं. माय.सीएनएफमध्ये ओपन_फाइल्स_लिमिट वाढवून उपयोग होत नाही, कारण वरची मर्यादा सिस्टमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) ठरवतं. सिस्टमसीटीएल एडिट मायएसक्यूएल करून [सर्व्हिस] खाली लिमिटएनओफाइल=१०००० लिहा, डेमन-रीलोड करा, रिस्टार्ट करा. [मायएसक्यूएलडी_सेफ] ग्रुपमधल्या जुन्या ओळींवरही विसंबू नका. सिस्टमडी सर्व्हर थेट चालवतं, मधला तो प्रोग्राम आता वापरातच नसतो.

इनोडीबी_बफर_पूल_साइझ मागितल्यापेक्षा थोडी जास्त दिसली तर तो बिघाड नाही. १२८ एमबीचा एक तुकडा गुणिले पूलची संख्या, याच्या पटीत ती वर ओढली जाते. आठ पूल असतील तर ५५००एमचे ६ जीबी होतात. रॅम किती आहे ते बघून आकडा लिहा, एवढंच.

डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर नेलं, मालकी बरोबर आहे, तरी 'परमिशन डिनाइड', एररकोड १३? उबंटूवर अॅपआर्मर आणि रेड हॅटवर एसईलिनक्स ही सुरक्षा यंत्रणा आडवी येते. अॅपआर्मरमध्ये लोकल प्रोफाइलीत नवा पत्ता जोडून प्रोफाइल रीलोड करा. एसईलिनक्ससाठी नव्या फोल्डराला मायएसक्यूएलडी_डीबी_टी हा टाइप देऊन रीस्टोअरकॉन चालवा. हे दोन्ही सरसकट बंद करून टाकण्याचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका.

## इथे थांबा, जाणकाराला बोलवा

आतापर्यंतचं सगळं परत फिरवता येण्यासारखं होतं. खालचं नाही.

लॉगमध्ये 'करप्शन' हा शब्द दिसला, किंवा आयबीडेटा१ ही फाइल अपेक्षेपेक्षा वेगळ्या आकाराची आहे असं लिहून आलं, तर थांबा. इनोडीबी_डेटा_फाइल_पाथ अंदाजाने बदलू नका. आयबी_लॉगफाइल नावाच्या फाइली 'नुसत्या लॉगच तर आहेत' म्हणून उडवू नका. अजून डेटा फाइलीत न पोचलेले व्यवहार त्यांच्यातच असतात.

इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी १ ते ६ पर्यंत घेतं. ४ आणि त्यावरच्या पातळ्या डेटा कायमचा बिघडवू शकतात. ही ओळ लिहायची वेळ आली असेल तर ती तुम्ही लिहू नका.

लोअर_केस_टेबल_नेम्स ८.० मध्ये डेटा फोल्डर पहिल्यांदा तयार होताना ठरतं, नंतर बदलता येत नाही. सर्व्हर आणि डेटा डिक्शनरीची सेटिंग वेगळी असल्याचा एरर आला तर जुनी व्हॅल्यू परत लावा आणि तिथेच सोडा. खरंच बदलायचं असेल तर पूर्ण डंप काढून नव्या फोल्डरात भरावा लागतो, आणि ते जाणकाराच्या देखरेखीखालीच व्हावं.

पासवर्ड विसरला म्हणून कुणी स्किप-ग्रँट-टेबल्स टाकून तसंच ठेवलेलं आढळलं, तर ती ओळ काढून रिस्टार्ट करण्याआधी त्या सर्व्हरवर कोणकोण येऊन गेलं हे कुणीतरी तपासायला हवं. ८.० मध्ये या ऑप्शनसोबत नेटवर्क आपोआप बंद होतं, ५.७ मध्ये होत नसे.

रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर डेटाची प्रत सतत पाठवणं) चालू असेल, किंवा बॅकअप आहे पण तो परत भरून कधी पाहिलेला नाही, तरीही सातव्या तपासणीच्या पुढे एकट्याने जाऊ नका.

बोलावलेल्या माणसाला या गोष्टी तयार ठेवा: सर्व्हरची नेमकी आवृत्ती, शेवटच्या दोन स्टार्टचा पूर्ण एरर लॉग (स्क्रीनचा फोटो नको, फाइल द्या), चौथ्या तपासणीतल्या यादीतली प्रत्येक फाइल आणि इन्क्लूड फोल्डरं, मायएसक्यूएलडी-ऑटो.सीएनएफची प्रत, डिस्कवर मोकळी जागा किती, आणि कोणती ओळ कधी बदलली त्याची नोंद. फाइलींत पासवर्ड असतील तर पाठवण्याआधी खोडा. सर्व्हर बंद असेल तर तो माणूस येईपर्यंत सर्व्हर बंदच ठेवा, आणि जागा असेल तर बंद अवस्थेतच अख्ख्या डेटा फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा.